शिंकं न तुटताच बोक्याचं फावतं तेव्हा

बंड्या हा पाच वर्षांचा बोका. नसबंदी झालेला, लहानपणापासून घरातच राहिलेला, वजन ५.४ किलो. घरात माणसं चार: आजोबा, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू. तक्रार साधी होती. ओट्यावर उघडं राहिलेलं तो पळवत होताच, आता झाकलेलंही पळवायला लागला होता. मांजरांच्या वागणुकीचं काम पाहणाऱ्या मला बोलावलं सूनबाईंनी, कारण नुकताच त्यानं कांदा-लसूण घालून शिजवलेल्या कोंबडीचा मोठा तुकडा लांबवला होता आणि पशुवैद्यांनी त्यावरून घरच्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं.

पशुवैद्यांचं बरोबरच होतं. कांदा आणि लसूण मांजराच्या लाल रक्तपेशींची नासधूस करतात. शिजवून, वाळवून किंवा पूड करूनही त्यांचा विषारीपणा जात नाही, आणि लसूण तर कांद्याहून जहाल. त्रास लगेच दिसतही नाही. काही दिवसांनी हिरड्या फिक्या पडतात, जनावर मलूल होतं, लघवी गडद होते. बंड्या त्यातून निभावला, पण 'खोडकर बोका' म्हणून हसून सोडून देण्याजोगं हे प्रकरण राहिलं नाही. शिजवलेल्या हाडांच्या चिरफळ्या घशात, आतड्यात रुततात. मांस बांधायला वापरलेला दोरा गिळला तर आतडं त्यावर चुणत जातं आणि थेट शस्त्रक्रियेची वेळ येते. ओट्यावरची चोरी थांबवायची ती मुख्यतः यासाठी. लिटर बॉक्समधून, म्हणजे मांजराच्या शौचाच्या पेटीतून, आलेले पाय चिरायच्या फळीवर पडू नयेत हे खरंच, पण तो मुद्दा त्यानंतरचा.

आधी पोट

चोरट्या मांजराच्या बाबतीत वागणुकीकडे वळण्याआधी मी पशुवैद्यांचा कागद मागते. जंत, मधुमेह, अन्न अंगी न लागणं, स्टेरॉइडची गोळी चालू असणं, यांतल्या कशानंही मांजर हावऱ्यासारखं खायला लागतं. वयस्क मांजरात थायरॉइड ग्रंथी अतिरेकी चालायला लागली की भूक वाढते आणि वजन मात्र उतरत जातं. बंड्याचं वजन वर्षभर जवळपास स्थिर होतं, शौचाच्या तपासणीत जंत नव्हते, रक्त-लघवीत साखरेची गडबड नव्हती. तब्येत ठणठणीत, थोडी गुबगुबीतच.

खाण्याचा हिशेब मात्र मला खटकला. नसबंदीनंतर उष्मांकांची गरज कमी होते आणि भूक उलट वाढते. बंड्या सुटायला लागला तसं घरच्यांनी त्याचं खाणं मोजून दिवसाला ६० ग्रॅम कोरड्या दाण्यांवर आणलं. त्यातून साधारण २२० उष्मांक मिळतात. घरात बसून राहणाऱ्या या आकाराच्या बोक्याला ते ठीक आहेत. पण हे ६० ग्रॅम दोनदाच मिळायचे, सकाळी सातला आणि रात्री नऊला. मधे चौदा तासांचं अंतर. मांजराची जात छोटी छोटी शिकार करून दिवसातून अनेकदा खाणारी. एका उंदरातून जेमतेम ३० उष्मांक मिळतात, तेव्हा पोट भरायला दिवसरात्र मिळून सात-आठ उंदीर तरी लागतात. त्यातच मांजर सर्वांत तरतरीत असतं ते पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे संध्याकाळी घरात स्वयंपाक सुरू होई, वास घमघमे, आणि नेमका तेव्हाच बंड्या अकरा-बारा तासांचा उपाशी, शिकारीच्या वेळेत आलेला. एकूण खाणं पुरेसं होतं, वेळा चुकीच्या होत्या.

काय करून झालं होतं

मी पोचेपर्यंत घरच्यांनी बरंच काही करून पाहिलं होतं. ओरडणं, टाळ्या वाजवणं, पाण्याचा फवारा, ओट्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, ॲल्युमिनियम फॉइल. फॉइलला तो थोडेच दिवस बिचकला, मग त्यावरच बसायला लागला. फवाऱ्याचा परिणाम मात्र अगदी चोख झाला होता: सूनबाई स्वयंपाकघरात असताना तो ओट्याकडे फिरकत नसे आणि त्यांची पाठ वळली की दुसऱ्या मिनिटाला वर. सूनबाईंच्या मते हा लबाडपणा. माझ्या मते त्याला जे शिकवलं गेलं तेच तो शिकला होता. फवारा नेहमी त्यांच्याच हातातून येई, मग धोका ओट्यात नाही, सूनबाईंमध्ये आहे, हे बोक्याला कळायला कितीसा वेळ लागणार? चोरी उघडकीला आल्यावर पाच मिनिटांनी रागावण्याला तर काहीच अर्थ नसतो. मांजर त्या रागाचा संबंध त्या क्षणी ते जे करत असेल त्याच्याशी लावतं, आणि बऱ्याचदा ते तेव्हा नुसतं अंग चाटत असतं.

घरच्यांच्या यादीतला एक प्रकार मी त्याच दिवशी बंद करायला लावला. कुणीतरी सांगितलं म्हणून ओटा लिंबूवर्गीय सुगंधी तेलानं पुसला जात होता. मांजराचं यकृत अशी तेलं नीट निकामी करू शकत नाही, आणि पायाला लागलेलं सगळं मांजर चाटून घेतं. त्या वासाला मांजर नाक मुरडतं हे खरं, पण त्यासाठी त्याला विषबाधेच्या वाटेला लावू नये.

हालचाल टिपून फुस्सकन हवा सोडणारे डबे मिळतात. अनेकांना ते आवडतात, कारण त्यात माणूस मधे नसतो. या घरात मी ते नको म्हटलं. ओट्याला लागूनच शेगडी आहे, आणि दचकलेलं मांजर कुठं उडी मारेल याचा नेम नसतो. उकळत्या भांड्याशेजारी मुद्दाम दचकवण्याची युक्ती मला पटत नाही.

चौथा रकाना

फ्रिजच्या दाराला एक कागद लावला. चार रकाने: वेळ, ओट्यावर काय होतं, स्वयंपाकघरात कोण होतं, बोक्याला काय मिळालं. चौथा रकाना भरायला घरचे कंटाळत. 'काही नाही' हेही लिहा, असं मी पुन्हापुन्हा सांगितलं. जोडीला रात्री फोनचा कॅमेरा फडताळावर टेकवून ठेवला.

कागदातून पहिली गोष्ट निघाली ती अशी, की निम्म्याच्या आसपास उड्यांचा खाण्याशी संबंधच नव्हता. ओटा कोरडा, मोकळा, आणि बंड्या खिडकीशी बसून पाखरं बघतोय किंवा नळाचा थेंब चाटतोय. मांजराला उंची हवी असते, आणि जिथं घरची माणसं उभी असतात तिथं असायचं असतं. या घरात स्वयंपाकघरातली एकमेव उंच जागा म्हणजे ओटा.

दुसरी गोष्ट म्हणजे तो काय पळवतो. मासा, कोंबडी, लोणी, साय. लोणी लावलेल्या पावावरचं लोणी चाटून पाव जागेवर सोडलेला. केक, फळं, साखर यांना तोंडही लावलेलं नाही. मांजराला गोडाची चव लागतच नाही. ती चव ओळखणाऱ्या जिभेवरच्या ग्राहक-प्रथिनाचं एक जनुक मांजरकुळात निकामी झालं आहे, हे २००५ साली दाखवलं गेलं. याचा व्यवहारातला फायदा असा, की सगळं स्वयंपाकघर कड्याकुलपात ठेवावं लागत नाही. मांस, मासे, दूधदुभतं आणि त्यांचा वास लागलेली भांडी सांभाळली की पुष्कळ झालं.

फोनच्या चित्रणातला अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा मी पुन्हापुन्हा पाहिला. कोंबडीचं पातेलं निवत ठेवलेलं, वर ताटली. बंड्या ओट्यावर येतो, ताटलीच्या कडेखाली उजव्या पंजाची नखं घालतो आणि उचलतो. ताटली किणकन वाजते. तो तिथंच थिजतो. मान हलत नाही, फक्त दोन्ही कान मागं, दाराकडे वळतात. कुणी येत नाही. मग पंजा काढून तो नाकानं ताटली ढकलतो, म्हणजे आवाज होत नाही, आणि फट पडली की पंजानं तुकडा ओढून खाली फरशीवर टाकतो. ओट्यावर खात नाही. खाली उतरून टेबलाखाली नेतो.

१८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं भुकेल्या मांजरांना फळ्यांच्या खोक्यात कोंडून, खाणं बाहेर ठेवून, ती कडी कशी उघडतात ते मोजलं होतं. मांजर आधी आंधळी धडपड करतं, त्यात चुकून कडी उघडते, आणि दर खेपेला निरर्थक हालचाली गळत जाऊन कामाची तेवढी उरते. बंड्याची ताटली सरकवण्याची कला अशीच घडली असणार. त्याला कुणी शिकवलं नाही. आतल्या कोंबडीनं शिकवलं.

तिसरी गोष्ट चौथ्या रकान्यातच होती, आणि ती कुणी बोलत नव्हतं. दुपारच्या काही नोंदींत 'कोण होतं' खाली आजोबा आणि 'काय मिळालं' खाली नुसती रेघ.

आजोबा

मासे साफ करायचं काम आजोबांचं. ते उभं राहून मासा कापतात, बंड्या शेजारी येऊन बसतो, आणि शेपटाकडचा एखादा तुकडा त्याला मिळतो. रोज नाही, 'कधीमधी'. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, तुम्हीच लाडावून ठेवलंय त्याला." आजोबा माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, मी कधी बोलावत नाही हो त्याला. तोच येतो. एवढंसं तर देतो."

सगळ्या प्रकरणाची मेख त्या 'कधीमधी'त होती. रोज ठरलेलं बक्षीस बंद झालं तर जनावराला ते लवकर कळतं आणि ते वर्तन सोडून देतं. कधी मिळतं, कधी नाही, अशा बक्षिसावर पोसलेली सवय मात्र चिवट असते; दहा वेळा हात हलवत परत गेलं तरी अकराव्यांदा मिळेल ही आशा सुटत नाही. फर्स्टर आणि स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५७ पर्यंतच्या आपल्या प्रयोगांत याचे आराखडेच मांडले. या घरात ओटा असाच अधूनमधून पगार देत होता: कधी आजोबांचा तुकडा, कधी विसरलेलं लोणी, कधी नळाखालच्या जाळीत अडकलेला माशाचा खवला, कधी काहीच नाही. फवाऱ्याचा धाक त्यापुढे कसा टिकावा?

आजोबांना 'देऊ नका' म्हणणं सोपं होतं आणि सूनबाईंना तेच हवं होतं. मी तसं म्हटलं नाही. एक तर ते पाळलं गेलं नसतं. लपूनछपून दिलं गेलं असतं आणि मग नोंदवहीला काहीच अर्थ उरला नसता. दुसरं म्हणजे दिवसभर घरात असणाऱ्या माणसाचा आणि बोक्याचा तो आवडीचा वेळ होता, आणि तो मोडण्याची काही गरज नव्हती. देणं चालू ठेवायचं, फक्त जागा बदलायची.

काय केलं

स्वयंपाकघराच्या दाराशी, ओट्यापासून हातभर लांब, ओट्याइतकंच उंच एक स्टूल ठेवलं. वर घसरणार नाही असं जाड कापड. तिथून ओटा दिसतो, माणसं दिसतात, खिडकीही तिरकी दिसते. आजोबांचा माशाचा तुकडा आता फक्त स्टुलावर. तोही कच्चा नव्हे, मीठ-मसाला न घालता शिजवलेला, काटे काढलेला आणि नखाएवढा. बंड्या ओट्यावर आला तर कुणी बोलायचं नाही, बघायचं नाही. हातातलं झाकायचं आणि त्याला उचलून शांतपणे खाली ठेवायचं. स्टुलावर बसला की लगेच, दरवेळी, काहीतरी मिळणार. बसणं अंगवळणी पडल्यावर मात्र तिथलं बक्षीस मुद्दाम अनियमित केलं. ज्या 'कधीमधी'नं ओट्याची सवय चिवट केली, त्यानंच स्टुलाची केली.

खाण्याचे तेच ६० ग्रॅम पाच भागांत वाटले. त्यांतल्या थोड्या दाण्यांच्या जागी तेवढ्याच उष्मांकांचं ओलं खाद्य आणलं. त्यात पाणी जास्त, त्यामुळे ताटली भरलेली दिसते आणि पोटालाही भरल्यासारखं वाटतं. एक वाटा स्वयंपाक सुरू होण्याच्या अर्धा तास आधी. एक वाटा पहाटे, वेळ लावलेल्या डब्यातून आपोआप. तो डबा मुद्दाम स्वयंपाकघराबाहेर, पॅसेजमध्ये ठेवला. एक वाटा दाणे गळणाऱ्या कोड्याच्या चेंडूतून. या चेंडूबद्दल एक सांगायला हवं: २०२१ साली घरगुती मांजरांवर झालेल्या एका अभ्यासात, बहुतेक मांजरांनी कोड्यापेक्षा आयती ताटली पसंत केली. तेव्हा चेंडू आणला की मांजर ओटा विसरेल, असं समजू नये. ओटा ही आयती ताटलीच असते. ती आधी रिकामी करावी लागते, चेंडूला मग अर्थ येतो.

ती रिकामी करणं हेच सगळ्यांत किचकट. गरम अन्न निवायला ठेवायचं कुठं, हा या घरातला रोजचा प्रश्न होता, कारण कढत भांडं कुणी फ्रिजमध्ये घालत नाही. गरम अन्नाचा वास जास्त सुटतो, आणि मांजराला अन्न शिकारीच्या अंगाइतकं कोमट असेल तेव्हा सर्वांत आवडतं. म्हणजे निवत ठेवलेलं पातेलं मधल्या टप्प्यावर बंड्यासाठी अगदी बेताचं होत असे. तोडगा: पसरट भांड्यात काढून लवकर निववायचं, आणि ते भांडं बंद असलेल्या ओव्हनमध्ये, दार लावून. ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी, नाहीतर कुणीतरी तो सुरू करायचा. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. ताटलीची झाकणं बाद. मांसाहारी पदार्थांना चारी बाजूंनी कड्या असलेले डबे. लोण्याची डबी फ्रिजबाहेर नाही. मासा कापला की फळी आणि सुरी तिथल्या तिथं साबणानं धुवायची, नळाखालची जाळी रिकामी करायची. कचऱ्याला पायानं उघडायचा, जड झाकणाचा डबा. खरकटी ताटं सिंकमध्ये रात्रभर नाहीत, आणि याच मुद्द्यावर घरात सर्वाधिक वाद झाले, बोक्यावरून नव्हे.

शेगडी काचेची, स्पर्शानं चालू होणारी होती. तिचं कुलूपबटण कुणी कधी वापरलंच नव्हतं. दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या अग्निशमन विभागानं जानेवारी २०१९ ते नोव्हेंबर २०२१ या काळात मांजरांमुळे लागलेल्या १०७ आगी मोजल्या. मांजराच्या पायानं विजेची शेगडी सुरू होऊन त्या लागल्या असाव्यात, असा विभागाचा निष्कर्ष होता. हे ऐकल्यावर कुलूपबटणाची सवय घराला एका दिवसात लागली. बाकी सवयी इतक्या पटकन लागल्या नाहीत.

बिघडलं, मग सुधारलं

सुरुवातीचे काही दिवस बरे गेले आणि मग सूनबाईंचा फोन आला: "तुमच्या उपायानं तो आणखीच बिघडलाय." बंड्या कडीच्या डब्यांवर पंजे मारत होता, एक डबा त्यानं खाली पाडला होता, रात्री ओव्हनच्या दाराशी बसून कर्कश ओरडत होता, आणि फडताळाचं दार उघडायला शिकला होता. मला यात वाईट बातमी दिसली नाही. जिथून नेहमी मिळायचं तिथून मिळेनासं झालं की जनावर आधी जोर वाढवतं. सवय सुटण्याआधी एकदा उसळते. धोका असतो तो याच वेळी. वैतागून कुणी तेव्हा एक तुकडा दिला, तर पहिल्यापेक्षा जास्त जोर लावला की मिळतं, हा धडा पक्का होतो. फडताळाला लहान मुलांसाठी मिळणारी खिट्टी लावली. रात्रीच्या ओरडण्याला कुणी उठायचं नाही असं ठरलं. नातवाला सर्वांत जड गेलं; तो उशी डोक्यावर घेऊन झोपायचा.

ती उसळी ओसरली. मग एकदा मुलानं रात्री उशिरा लोण्याची डबी ओट्यावर ठेवली, उघडी. सकाळी डबी चकाचक. त्या एका चुकीची किंमत नोंदीत स्पष्ट दिसते: ओट्यावरच्या रात्रीच्या फेऱ्या, ज्या जवळपास थांबल्या होत्या, त्या पुन्हा सुरू झाल्या आणि बंद व्हायला बरेच दिवस लागले. यावरून घरात कुणी कुणाला काय म्हटलं ते मी लिहीत नाही. पण त्यानंतर झोपण्याआधी ओट्यावर नजर टाकायचं काम नातवानं आपणहून घेतलं, आणि तो बापाहून कडक निघाला.

दोनेक महिन्यांनंतरची स्थिती अशी. अन्नाची चोरी थांबली आहे. ओट्यावरच्या उड्या कमी झाल्या आहेत, संपलेल्या नाहीत. पाखरं आली की बंड्या अजून खिडकीशी जातो, आणि मला त्यात फारसं वावगं वाटत नाही. सूनबाईंना वाटतं. त्यांच्यासाठी खिडकीखाली वेगळी फळी ठोकण्याचं चाललं आहे. वजन ५.२ किलोवर आलं. फवाऱ्याची बाटली आता झाडांना पाणी घालायला वापरतात, आणि सूनबाई स्वयंपाकघरात असतानाही बंड्या स्टुलावर येऊन बसतो, जे आधी होत नव्हतं. पाहुणे आले, वेळा विस्कटल्या की तो एखादी चक्कर टाकतो. तेवढ्यापुरतं त्याचं संध्याकाळचं खाणं वेळेवर देणं आणि दार लोटून घेणं, एवढंच सांगितलं आहे.

पुढच्यासाठी घरच्यांच्या कागदावर एक ओळ लिहून दिली. बंड्या दहाच्या पुढे गेल्यावर अशी चोरी पुन्हा एकाएकी सुरू झाली आणि सोबत वजन उतरत असेल, पाणी जास्त पीत असेल, तर हे स्टूल, चेंडू, डबे यांत वेळ घालवू नका. आधी पशुवैद्यांकडे न्या आणि थायरॉइड व साखरेसाठी रक्त तपासून घ्या.